तोल सांभाळणारा खेळ

तेरेखोल नदीकाठच्या बांद्यात पावसाळ्यात जांभ्या दगडांच्या पायऱ्यांवर शेवाळ वाढते. शाळेत जाणारी मुले त्यावरून उड्या मारीत उतरतात. आजी मात्र भिंतीचा आधार घेत एकेक पायरी उतरते. तिची भीती खोटी नाही. म्हातारपणी घसरून खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळदा हाडाबरोबर चालण्याची हिंमतही मोडते. मग बाजार सुटतो, देऊळ सुटते. चालणे थांबल्याने पायांतले बळ कमी होते आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. मुलगा-सून मुंबईला आणि घरी म्हातारी माणसे, हे चित्र येथे नवे नाही. पडलेल्या माणसाला उठवायलाही घरात कोणी नसेल, तर न पडणे हेच खरे औषध.

आभासी वास्तवाचे खेळ यासाठी उपयोगी पडतात, असे सांगितले तर नवल वाटेल. खेळाचा आणि पडण्याचा काय संबंध? त्यासाठी आधी तोल म्हणजे काय ते पाहू.

वर्गात एक प्रयोग करा. एका पायावर उभे राहा आणि सेकंद मोजा. आता डोळे मिटून तेच करा. (शेजारी एकाने आधाराला उभे राहावे.) दुसऱ्या वेळी तोल फार लवकर जातो. याचे कारण असे, की मेंदूला तोलाची बातमी तीन ठिकाणांहून मिळते. एक, डोळे. दोन, अंतर्कर्ण, त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव डोके वळताच हलतो. तीन, तळपाय, सांधे आणि स्नायू. डोळे मिटले की एक बातमीदार गप्प होतो. म्हातारपणी मोतीबिंदूने नजर अंधूक होते, मधुमेहाने तळपायांची जाणीव कमी होऊ शकते, अंतर्कर्णही मंदावतो. तिन्ही बातम्या अस्पष्ट झाल्या, की जे चालणे आपोआप होत असे, त्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते.

स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. वृद्धांबरोबर चालता चालता त्यांनी गप्पा सुरू केल्या. काही जण बोलण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत पडण्याचे प्रमाण या थांबणाऱ्यांत बरेच अधिक आढळले. म्हणजे पडण्यामागे पायांचा अशक्तपणा असतो, तसे वाटले गेलेले लक्षही असते.

खेळाचा उपयोग नेमका इथे होतो. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच देशांतील एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ६० ते ९० वर्षांचे, वारंवार पडणारे ३०२ जण होते. सर्वांना आठवड्यातून तीनदा, असे सहा आठवडे सरकत्या पट्ट्यावर चालवले. निम्म्यांच्या समोर पडदा होता. कॅमेरा त्यांची पावले टिपून पडद्यावर दाखवी; तिथल्या वाटेवर अडथळे येत, ते पाऊल उचलून ओलांडायचे, शिवाय रस्ताही निवडायचा. नुसते चालणाऱ्या गटात सहा महिन्यांतील पडण्याची सरासरी १०.७ वरून ८.३ झाली, खेळणाऱ्या गटात ती ११.९ वरून ६.० वर आली. पाय दोन्ही गटांचे चालत होते, पण पाय आणि लक्ष यांना एकत्र काम करण्याची सवय खेळणाऱ्यांना लागली.

या चाचणीत डोळे झाकणारा चष्मा नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. तसा चष्मा दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण करतो. मात्र डोळे ‘आपण धावतो आहोत’ म्हणतात आणि अंतर्कर्ण म्हणतो ‘जागीच आहोत’. या भांडणातून मळमळ होते, चक्कर येते. शिवाय आपले पाय आणि खरी जमीन दिसत नाही. म्हणून वृद्धांनी तो वापरायचाच झाला, तर बसून किंवा कोणाच्या आधाराने.

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते, की पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात. त्यासाठी यंत्र हवेच असे नाही. चतुर्थीत फुगडी घालणाऱ्या बायकांचे पाय, गाणे आणि जोडीदारणीचा तोल यांचे गणित एकाच वेळी चालते. मात्र थकलेल्या आजीला गरगर फिरवू नये. तिच्यासाठी कोरड्या पडवीत खडूने सहा चौकोन आखावेत, त्यांत आकडे लिहावेत. बाजूला भक्कम खुर्ची ठेवावी. नातवाने आकडा सांगावा, आजीने खुर्ची धरून त्यात पाऊल ठेवावे आणि त्याच वेळी एकेका भाजीचे नाव घ्यावे. चक्कर येणाऱ्या किंवा आधी पडलेल्या माणसांनी प्रथम डॉक्टरांना विचारावे.

विद्यार्थ्यांना हा प्रकल्प म्हणून देता येईल. महिनाभर वहीत नोंद ठेवावी : किती वेळ खेळ झाला, किती वेळा खुर्चीचा आधार लागला, बोलताना पाऊल थांबले का. विज्ञानाच्या वहीत आजीचे पाऊल उमटले, तर तो धडा मुले विसरणार नाहीत.