दार, झाड आणि डॉक्टर कोटणीस

गिरगावात खोताच्या वाडीत गेलात, तर जुन्या घरांची दोन फळ्यांची लाकडी दारं निरखून बघा. साधारण तीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर अगदी असंच दार कोरलं जाई: दोन उभे खांब, त्यांना लागून दोन फळ्या. पारंपरिक चिनी लिपीतलं दाराचं अक्षर आजही तसंच दिसतं. फळ्यांच्या फटीत चंद्र काढला की अर्थ होतो ‘मधली जागा’! पुढे चंद्राच्या जागी सूर्य आला, अर्थ मात्र टिकला.

नवशिक्यानं या लिपीत चित्रांच्या वाटेनंच शिरावं. झाडाचं अक्षर घ्या, ‘मू’. एक आडवी रेघ, तिला छेदणारी उभी, आणि छेदापासून दोन्हीकडे खाली उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा. या तिरक्या रेघा फांद्या वाटतात, पण ती आहेत मुळं! फांद्या पूर्वी वर उचललेल्या होत्या; हात फिरता फिरता त्यांची आडवी रेघ झाली. बुंध्याशी छोटी रेघ दिली की ‘मूळ’. दोन झाडं म्हणजे वन, तीन म्हणजे घनदाट रान. झाडाशेजारी माणूस आला की विश्रांती.

अशी निव्वळ चित्रं थोडीच. इ.स. 100 च्या सुमारास श्यू शननं 9,353 अक्षरांचा कोश रचला. त्यातली बहुतेक दोन भागांची आहेत. एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. मला सर्वांत थक्क करतं ते हेच: चित्र जुनं होऊन अडगळीत पडत नाही, नव्या अक्षरात कामाला लागतं.

याचा फार सुंदर दाखला एका मराठी माणसाच्या नावात आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी भाषा शिकले आणि 1942 साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांचं चिनी नाव ‘क दीह्वा’. ‘क’च्या डाव्या अंगाला तेच झाड, उजव्या अंगाला उच्चार, जुना अर्थ कुऱ्हाडीचा दांडा. ‘दी’च्याही डावीकडे झाड. ‘ह्वा’ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या नावांत ते शेवटी येतं. मुळात ते बहरलेल्या झाडाचं चित्र! चीनमधल्या आजच्या सोप्या वळणात हा बहर दिसत नाही. आधीच्या दोन अक्षरांतली झाडं मात्र जागची हललेली नाहीत, आणि चार रेघांचा ‘मू’ गिरवलेल्या कुणालाही ती चटकन ओळखता येतात.