दोराचे बाहेरचे टोक (लेखमाला : भाग 7)

मागच्या भागात कामाच्या परवान्याबद्दल लिहिले. आज अशा जागांकडे वळू, जिथे माणूस आत शिरतो पण सहज बाहेर निघू शकत नाही. बीड जिल्ह्यात त्या कमी नाहीत : साखर कारखान्यांच्या मळीच्या टाक्या, परळीच्या औष्णिक केंद्रातले कोळशाचे बंकर, राखेचे हॉपर. गळीत हंगाम संपला की टाक्यांची झाकणे उघडतात आणि ठेकेदाराची माणसे सफाईला आत उतरतात.

तळाला उरलेली मळी आंबत राहते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, त्यामुळे तो खालीच साचतो. त्याला ना रंग, ना वास. श्वासाच्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो, तो 19.5 च्या खाली गेला की जागा धोक्याची, आणि 10 च्या खाली माणसाची ओरडायच्या आत शुद्ध हरपते. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणारे इथेच फसतात.

9 एप्रिल 2024, गुढीपाडवा. शेजारच्या नगर जिल्ह्यात वाकडी (ता. नेवासा) येथे शेणाच्या स्लरीच्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, मग त्याला वाचवायला बाकीचे. पाच जण गेले. आणखी एक जणही उतरला होता. त्याच्या कमरेला दोर होता, म्हणून त्याला ओढून काढता आले. तो वाचला. घटना कारखान्यातली नाही, पण मळीच्या टाकीतही हेच घडते. बंद जागांत मेलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात, असा इशारा अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने 1986 मध्ये दिला होता. त्यांना अविचारी म्हणणे मला पटत नाही. डोळ्यांदेखत सोबती कोसळत असताना वर नुसते उभे राहणे कुणाला जमेल? म्हणून सुटकेची सोय पहिला माणूस उतरण्याआधीच हवी.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या 36व्या कलमाने ती सोय सांगितली होती. सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून जागा सुरक्षित असल्याचे लेखी द्यावे. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे आणि पट्ट्याला दोर बांधावा, ज्याचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असेल. या बाहेरच्या माणसाला दुसरे कुठलेही काम सांगता कामा नये. पाना आणायला सुद्धा पाठवू नये. ऑक्सिजन तुटल्यावर मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटे पुरतात. तेवढ्यात तालुक्याहून बंब येत नाही.

पट्टाही नुसता कमरेचा नको. बेशुद्ध माणूस त्यात दुमडतो आणि मॅनहोलमध्ये अडकतो. पूर्ण अंगाचा हार्नेस, पाठीवर वरच्या बाजूला कडी, मॅनहोलवर तिपाई आणि हाताने फिरवायची विंच असेल, तर बाहेरचा एकटा माणूस आत न उतरता त्याला सरळ वर खेचू शकतो. ही सामग्री गोदामात कुलूपबंद असेल, तर झाकण उघडूच नये.

पुढच्या आठवड्यात उंचीवरची सुटका. केज-पाटोद्याकडच्या पवनचक्क्यांवर बंबाची शिडी पोहोचत नाही, आणि हार्नेसमध्ये लटकून राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचून तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो.