अजिंक्य नायकाची पंचाईत

२६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘झोंबिवली’ या चित्रपटात डोंबिवलीची माणसे एकामागून एक झोंबी होत जातात. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. अमेय वाघने त्यात साकारलेला सुधीर जोशी हा भित्रा, नाकासमोर चालणारा अभियंता. बायको गरोदर, घर नवे, संकुल टोलेजंग आणि शेजारी झोपडपट्टी. याच दिग्दर्शकाने याच अभिनेत्याला २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’ केले होते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकल भरधाव हाकणारा, डोके लढवणारा. पण अंगाने काडी पैलवानच. दोन्ही चित्रपटांत नायकाकडे दैवी शक्ती नाही, मंतरलेले शस्त्र नाही, आणि तरीही (खरे तर म्हणूनच) प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येऊन बसतो.

झोंबी हा तसा अगदी दुबळा खलनायक. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ मधील ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासून त्याची ख्याती संथ, मठ्ठ आणि धडपडणारा अशीच आहे. त्याला योजना आखता येत नाही, त्याला ढकलून पळता येते. मग भीती कशाची? संख्येची. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्यांपैकी एकही माणूस आपल्यापेक्षा बलवान नसतो, पण गाडी आली की आपले काही चालत नाही. खलनायकाचे बळ एकट्याने मोजून उपयोग नाही. ते नायकाच्या बळाशी ताडून पाहावे लागते. अद्भुतकथांच्या लांबलचक मालिका जिथे फसतात, तिथे बहुधा हेच प्रमाण बिघडलेले असते. नायक भागागणिक वाढत जातो, खलनायक जिथल्या तिथे राहतो आणि उत्कंठा गळून पडते.

उत्कंठेची ही घडण आपल्याकडच्या शास्त्रकारांनी फार आधी ओळखली होती. नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यातली मधली प्राप्त्याशा म्हणजे फळ मिळेल अशी आशा आणि हातचे जाईल अशी धास्ती, दोन्ही एकाच वेळी. नायक अजिंक्य असला तर धास्ती उरत नाही, आणि नाटक यत्नावरून थेट फलागमावर उडी मारते. दंडी या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यादर्श’मध्ये याहून नेमकी गोष्ट सांगितली आहे. नायकाचे गुण वर्णून त्याने शत्रूला हरवले असे सांगणे ही एक रीत झाली. पण शत्रूचेही कुळ, पराक्रम आणि विद्या वर्णावी आणि मग त्याच्यावरील विजयातून नायकाचा मोठेपणा दाखवावा, हीही रीत आपल्याला सुखावते, असे तो म्हणतो. आजच्या पटकथा-कार्यशाळेत फलकावर लिहावे असे हे सूत्र सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे आहे.

रामायण-महाभारत त्या दृष्टीने पुन्हा वाचावे. रावणाला देव, दानव, गंधर्व, यक्ष यांच्यापासून अभय आहे. माणसांना त्याने खिजगणतीतच धरले नाही, आणि त्याच्या वरातली फट नेमकी तेवढीच राहिली. त्याचा मुलगा इंद्रजित राम-लक्ष्मणांना नागपाशात जखडतो, पुढे लक्ष्मण शक्ती लागून पडतो. म्हणजे विष्णूचा अवतार असलेला नायकही या कथेत हतबल होतो. हनुमानाला शापामुळे स्वतःच्या बळाचा विसर पडलेला असतो. जांबवंताने आठवण करून दिल्यावाचून तो समुद्र ओलांडत नाही. महाभारतकारांपुढची अडचण तर आणखी मोठी. साक्षात श्रीकृष्ण पांडवांच्या बाजूला असताना अठरा दिवसांचे युद्ध रंगवायचे कसे? त्यांनी त्याला शस्त्र न धरण्याच्या प्रतिज्ञेत बांधले. भीष्मांच्या बाणांनी पांडवसेना होरपळते तेव्हा तो रथातून उडी टाकून धावत सुटतो, आणि आपला श्वास अडकतो तो भीष्मांसाठी नव्हे, प्रतिज्ञेसाठी. कर्णाच्या वासवी शक्तीलाही अशीच मर्यादा आहे. ती एकदाच वापरता येते, आणि अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते.

यावर कोणी म्हणेल, की शेवटी राम जिंकणार हे लहान मुलालाही ठाऊक असते. मग उत्कंठा कसली? मानसशास्त्रज्ञांनाही हा प्रश्न पडला आहे. रिचर्ड गेरिग या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये असे दाखवले, की शेवट माहीत असूनही वाचकाला अनिश्चितता जाणवू शकते, गोष्ट मात्र अडथळे नीट उभे करणारी हवी. आपल्या शाहिरांना हे कोणी शिकवावे लागले नाही. अज्ञानदासाच्या अफजलखानवधाच्या पोवाड्यात खानाची तयारी आणि त्याची कूच ऐकताना प्रतापगडाच्या पायथ्याशी काय होणार हे ठाऊक असूनही मूठ आवळली जाते. खान मोठा केल्यावाचून पोवाडा उभा राहत नाही.

मालिकेत हे साधणे एकट्या कादंबरीपेक्षा कितीतरी कठीण. पुढचा भाग जाहीर झालेला असतो, तेव्हा नायक मरणार नाही हे मुखपृष्ठावरच ठरलेले असते. शिवाय मागच्या भागात मिळवलेले बळ त्याच्याकडे शिल्लक राहते. खलनायक मात्र दर वेळी नवा, कोऱ्या पाटीचा. कॉनन डॉयल होम्सला कंटाळले आणि १८९३ मध्ये त्याला संपवायला निघाले, तेव्हा त्यांना आधी मोरिआर्टी हा तोडीस तोड शत्रू घडवावा लागला, कारण होम्सला मारू शकेल असा कोणी तोवर त्यांच्या गोष्टींत नव्हताच. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार किंवा काळापहाड हरतील अशी शंका त्यांच्या वाचकाला कधी शिवली असेल असे वाटत नाही. तिथे गंमत वेगाची होती, आणि पुस्तके पातळ होती हे त्यांचे शहाणपण.

या दुखण्याचा खरा अभ्यास करायचा तर भयकथाकार नारायण धारपांकडे यावे लागते. धारप १९२५ मध्ये जन्मले, २००८ मध्ये गेले आणि शंभराहून अधिक पुस्तके मागे ठेवून गेले. अशी पुस्तके विकत घेणारे कमी. वाचणारे बहुतेक जण वाचनालयातून आणणारे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, आणि डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी. चाकरमान्यांच्या या पट्ट्यात रात्री दिवा लावून भयकथा वाचण्याचा नाद अशा वाचनालयांनीच पोसला.

धारपांचा सर्वांत लोकप्रिय नायक म्हणजे समर्थ. अमानवी शक्तींशी लढणारा सिद्ध पुरुष, आणि त्यांच्या सोबतीला अप्पा जोशी. समर्थकथांचे चाहते आजही कमी नाहीत. ज्ञानी, निःस्वार्थी माणूस संकटात धावून येतो यातला दिलासा खोटा नाही. पण भीतीच्या हिशेबाने पाहिले तर समर्थ दारात आले की कथा संपते. त्यानंतर उरतो तो विधी. समोरची शक्ती कितीही अघोरी असली तरी समर्थांचे ज्ञान तिच्याहून वरचढ असणार, हे दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकातच कळून चुकते. धारपांना हे जाणवत नसेल असे मला वाटत नाही. या कथांत अंगावर काटा येतो तो ग्रासलेल्या साध्यासुध्या माणसाच्या वाट्याच्या पानांवर : घरातला वास, एखादी बंद खोली, बदलत गेलेले माणूस. समर्थ जितके उशिरा येतील, तितकी कथा चांगली उतरते.

याच्या शेजारी धारपांचीच ‘शपथ’ ठेवून पाहावी. स्टीफन किंगच्या ‘इट’वर बेतलेल्या या कादंबरीत समर्थ नाहीत. लहानपणी एका अमंगळ शक्तीशी सामना झालेली मित्रमंडळी मोठेपणी पुन्हा तिच्यासमोर उभी राहतात. त्यांच्याजवळ आहे ती मैत्री आणि दिलेला शब्द, आणि तो पुरेल की नाही याची त्यांना खात्री नाही. आपल्यालाही नसते. एकाच लेखकाच्या हातून उतरलेल्या या दोन तऱ्हा आहेत. माझ्या मते मराठी भयकथेची उंची दुसरीत आहे. धारपांच्या ‘आजी’ या कथेचा ज्यावर प्रभाव आहे तो ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट याच वाटेने गेला. तिथला नायक विनायक हावरट माणूस, बस. शापित देव हस्तर मात्र भयंकर, आणि तरी नियमाने बांधलेला : त्याच्याकडे सोने आहे, अन्न नाही, पिठाच्या रिंगणापुढे त्याचे चालत नाही. नियम कळलेला असतो म्हणूनच तो मोडण्याची भीती वाटते.

बलाढ्य नायक घडवून बसलेल्या परदेशी लेखकांनी यावर जे तोडगे काढले तेही पाहण्याजोगे आहेत. १९३८ मध्ये अवतरलेला सुपरमॅन आधी नुसत्या लांब उड्या मारायचा. तो उडू लागला, त्याचे बळ वाढत गेले, आणि १९४३ मध्ये रेडिओ मालिकेच्या लेखकांना क्रिप्टोनाइट शोधून काढावे लागले. टॉल्किनने गॅन्डाल्फसारखा जादूगार हाताशी असताना अंगठी सोपवली ती बुटक्या फ्रोडोकडे. जपानी ‘वन पंच मॅन’मधला सैतामा प्रत्येक शत्रूला एका ठोशात लोळवतो आणि त्यामुळे विलक्षण कंटाळलेला असतो. दुखण्याचाच विनोद केल्यामुळे ती मालिका तरली. ठाण्या-डोंबिवलीच्या तरुणांच्या फोनवर सध्या कोरियन कादंबरीवरून आलेली ‘सोलो लेव्हलिंग’ ही मालिकाही दिसते. तिचा नायक सर्वांत दुबळा शिकारी असतो तेव्हाचे भाग श्वास रोखून पाहावे असे. तो सर्वशक्तिमान झाल्यावर चित्रे देखणी राहतात, पण ‘आता काय होईल’ हा प्रश्न मागे पडतो.

घोडबंदर रस्त्याच्या आसपास ज्यांचे सेट लागतात त्या दूरचित्रवाणी मालिकांना नेमके उलटे दुखणे जडलेले आहे. खलनायिका सर्वज्ञ, सर्वव्यापी, आणि नायिका इतकी भोळी की समोरचे कारस्थान तिला दोनशे भाग दिसत नाही. प्रमाण इथेही बिघडलेलेच, फक्त तागडी दुसरीकडे झुकलेली.

बालरंगभूमीला हे अधिक चांगले कळले. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’चे नाव दोन पोरांवरून आहे, पण लक्षात राहते ती चिंची चेटकीण. पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली, २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात वैभव मांगले यांनी. ठाण्याचे गडकरी रंगायतन असो, कल्याणचे अत्रे रंगमंदिर असो की डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, चेटकीण रंगमंचावर आली की पोरे किंचाळतात, आईच्या कुशीत शिरतात आणि ती आत गेली की पुन्हा कधी येणार म्हणून विंगेकडे पाहत राहतात. मतकरींनी चेटकिणीला बुद्धी दिली, लहर दिली, विनोद दिला. दंडीचे म्हणणे पाच वर्षांच्या प्रेक्षकाला असे पटते.

मराठीत सध्या अद्भुतकथा लिहू पाहणारे तरुण पुष्कळ आहेत, आणि दहा भागांचे आराखडे त्यांच्याकडे तयार असतात. त्यांना एकच विनंती. पहिला भाग लिहायला घेण्यापूर्वी समर्थांची एखादी कथा आणि ‘शपथ’ वाचनालयातून एकदम आणा आणि लागोपाठ वाचा. कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवावेसे वाटले नाही, तिथे खूण करा, आणि त्या पानावर नायकाजवळ काय काय नव्हते याची यादी करा.