ट्यूब आहे, टायर कुठाय?

‘एवढ्या शस्त्रक्रिया सोसून लिंग घडवून घेणारे काही ट्रान्सपुरुष शेवटचं इम्प्लांट मात्र नको म्हणतात, असं का?’ असा प्रश्न एका वाचकाने पाठवला आहे. इम्प्लांट नाही म्हणजे काम अर्धवट राहिलं, हे प्रश्नातच गृहीत धरलंय. आधी लिंगाला ताठरता देणारं ते यंत्रच बघू.

ह्यूस्टनचे सर्जन ब्रँटली स्कॉट यांनी ते १९७३ साली मांडलं. लिंगात दोन नळ्या, वृषणकोशात छोटा पंप, पोटाच्या स्नायूंमागे सलाइनची टाकी. पंप दाबत राहिलं की पाणी नळ्यांत चढतं. कळ दाबली की माघारी जातं. ना वीज, ना बॅटरी. झकास डोकं!

पण ते बनलं होतं जन्मजात लिंगासाठी. तिथे नळ्या ज्या पोकळ्यांत बसतात त्यांच्याभोवती चिवट आवरण असतं आणि पोकळ्यांची मुळं ओटीपोटाच्या हाडाला घट्ट धरलेली असतात. सायकलची ट्यूब दगडधोंड्यांतून धावते ती टायरच्या जिवावर. टायर काढून हवा भरा: भलतीकडेच फुगवटा येईल, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात फट्! फॅलोप्लास्टीत लिंग घडतं ते हाताच्या किंवा मांडीच्या त्वचेपासून आणि चरबीपासून. तिथे टायरच नाही. मग सर्जन नळीला कृत्रिम कापडाचा अंगरखा चढवतात आणि तिचं बूड हाडाला टाक्यांनी बांधतात. त्याआधी साधारण वर्षभर थांबायचं, लिंगात स्पर्शाची जाणीव परतेपर्यंत. कारण नळी आतून त्वचेला घासतेय हे कळलंच नाही, तर एक दिवस तिचं टोक बाहेर डोकावतं.

बेल्जियममधल्या गेंटच्या सर्जननी २०१० साली आपला हिशेब प्रामाणिकपणे छापला. १२९ ट्रान्सपुरुषांपैकी ५३ जणांचं इम्प्लांट जंतुसंसर्ग, गळती, बिघाड अशा कारणांनी काढावं किंवा दुरुस्त करावं लागलं होतं.

हा आकडा समोर असताना ‘नको’ म्हणणाऱ्याला भित्रा कसं म्हणायचं? कुणाला उभं राहून लघवी करता आली, पोहण्याच्या तलावावर निर्धास्त कपडे बदलता आले, की पुरतं. कुणी समागमापुरतं बाहेरून चढवायचं साधन वापरतो. एखाद्याला मात्र जोडीदारासोबत तयारीची खटपट नको असते. तो धोका पत्करून इम्प्लांट घेतो आणि खूशही असतो. एखादा संसर्गानंतर काढून टाकतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

इथे ब्रिटिश ट्रान्सपुरुष मायकेल डिलन आठवतात. सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांनी लिंग घडवण्यासाठी १९४६ पासून त्यांच्यावर डझनावर शस्त्रक्रिया केल्या. गिलीज यांचं नाव पाठ्यपुस्तकांत गेलं आणि डिलन ‘रुग्ण’ म्हणून उरले. हा माणूस स्वतः डॉक्टर झाला, पुढे भारतात येऊन बौद्ध भिक्षू झाला आणि १९६२ साली डलहौसीत वारला. मन शरीराप्रमाणे बदलत नसेल तर शरीर मनाप्रमाणे बदलावं, असं त्यांनी १९४६ सालीच पुस्तकात लिहून ठेवलं होतं. मग त्या मनाला किती बदल पुरे, हे ठरवणारे सर्जन कोण?

आता जिनिव्हाच्या एका कंपनीने खास ट्रान्सपुरुषांसाठी, हाडावर बसणाऱ्या बैठकीचं इम्प्लांट आणलंय. दिशा बरोबर आहे. पण जाहिरातीतल्या ‘क्रांती’ला भुलण्याआधी सर्जनना एकच विचारावं: तुम्ही बसवलेल्यांपैकी पाच वर्षांनी किती जागेवर आहेत, आणि चालू आहेत?