पाण्याचा हक्क आणि पाण्याचे रक्षण

चवदार तळ्याचा इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्यातील एक बाब मात्र सहसा नजरेआड होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजीच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले केले होते. नियम झाला होता. ओंजळ मात्र रितीच होती. ती भरण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना अनुयायांसह तळ्यावर जावे लागले आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १७ मार्च १९३७ उजाडला. नियम माणसांनी वापरला तरच त्याचा हक्क होतो, हा महाडचा धडा आहे. ओढे आणि पाणथळ जागा यांच्या बाबतीत तो आज पुन्हा गिरवावा लागेल, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्येच केला आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा राज्यात १ जून १९८१ पासून लागू झाला. या कायद्यातील ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. नदी, वाहता किंवा तूर्त कोरडा असलेला जलमार्ग, नैसर्गिक वा कृत्रिम जलसाठा आणि भूजलही तीत येते. म्हणजे चैत्रात आटलेला गावओढा कायद्याच्या दृष्टीने मेलेला नसतो. त्यात विषारी वा दूषित द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास कलम २४ मनाई करते.

पाणथळ जागा पुराचे पाणी धरून ठेवते, गाळ अडवते आणि विहिरींना झरे पुरवते. तिच्यासाठी २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत. अधिसूचित पाणथळ जागेत अतिक्रमण, नवे उद्योग, कचरा टाकणे आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांस ते बंदी घालतात. नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही आपल्या राज्यातील स्थळे रामसर यादीत आहेत. परंतु नदीपात्र, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले तलाव या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलाव सिंचनासाठी खोदलेले. पक्षी, मासे, कमळे यांनी भरलेले असले तरी त्यांना या नियमांचा आधार मिळणे कठीण. अशा वेळी १९७४ च्या कायद्यातील ‘कृत्रिम जलसाठा’ हे शब्द उपयोगी पडतात. तलाव बुजवला जात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावतळ्यावरील अतिक्रमणाविरुद्ध दिलेला निकाल हाताशी आहे.

भगवान बुद्धांच्या संघालाही पाण्याविषयी शिस्त होती. निरोगी भिक्खूने पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असा विनयाचा नियम आहे. पाणी गाळण्याचे वस्त्र भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत मोडते. पाण्यातील सूक्ष्म जीवांचीही हिंसा होऊ नये, हा त्यामागील हेतू. आपल्या कृतीचा परिणाम प्रवाहाच्या खालच्या अंगास राहणाऱ्यांवर होतो, ही जाणीव शीलाचाच भाग होय.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. आपल्या गावचा ओढा आणि तलाव गावनकाशात कोठे व किती दाखवला आहे, हे एकदा तलाठी कार्यालयात पाहावे. पाण्याचा रंग किंवा वास बदलल्यास तारखेसह छायाचित्र घ्यावे, मंडळाकडे लेखी तक्रार करावी, पोच जपून ठेवावी आणि विषय ग्रामसभेत नोंदवावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात आहे; तेथे वादाचे कारण घडल्यापासून साधारणतः सहा महिन्यांच्या आत जावे लागते, म्हणून विलंब करू नये.

महाडला आपल्या पूर्वजांनी पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क मिळवला. ते पाणी ओंजळीत घेण्याजोगे राखणे, हे आता आपले काम आहे.