साखळी-करवतीची जुळणी : ‘इंच’ या मापाचे तीन अर्थ

अवजार आणि ते ओढणारी शक्ती यांचा मेळ कसा घालावा, हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेतकऱ्यास कधी शिकवावे लागले नाही. हलक्या रानात एका बैलजोडीवर चालणारा लाकडी नांगर, आणि काळ्या, खोल जमिनीत तीन-चार जोड्या जुंपून चालविला जाणारा लोखंडी नांगर, यांतील भेद तो पिढ्यान्‌पिढ्या जाणून होता. जड नांगरास एकच जोडी जुंपली, तर बैल जागच्या जागी थांबत आणि चूक तत्काळ उमगे. बाभूळ, निंब, चिंच किंवा वेडी बाभूळ तोडण्यासाठी आज वापरली जाणारी पेट्रोलवरील साखळी-करवत मात्र चूक इतक्या प्रामाणिकपणे सांगत नाही. बेजोड पट्टी वा साखळी बसविली, तरी ती काही काळ चालत राहते. नंतर हानी होते ती इंजिनाची, साखळीची, आणि प्रसंगी करवत धरणाऱ्या माणसाची. या चुकीचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून मापाच्या भाषेत असते.

साखळी-करवतीची मुख्य अंगे चार : इंजिन, त्याच्या आसावरील दातेरी चाक, लोखंडी पट्टी (बार) आणि पट्टीच्या कडेच्या खाचेतून फिरणारी दातांची साखळी. इंजिनाचे आकारमान घन सेंटिमीटरांत, म्हणजे बोलीतील ‘सीसी’त, सांगतात. उरलेल्या अंगांची मापे मात्र बहुधा इंचांत सांगितली जातात, आणि तेथेच घोटाळा संभवतो. कारण या एका शब्दाने तीन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जातात.

पहिला इंच पट्टीच्या लांबीचा. ‘अठरा इंची करवत’ म्हणताना यंत्राच्या पुढे आलेली, कापण्यास उपयोगी पडणारी लांबी अभिप्रेत असते. संपूर्ण पट्टीची नव्हे. दुसरा इंच साखळीच्या टप्प्याचा. हे माप ०.३२५, ३/८ किंवा ०.४०४ इंच असे असते. साखळीवरील लागोपाठच्या रिव्हेटांमधील अंतरे सारखी नसतात; म्हणून तीन रिव्हेटांमधील एकूण अंतर मोजून त्याची निमपट घेतात. तिसरा इंच पट्टीच्या खाचेत उतरणाऱ्या कडीच्या जाडीचा : ०.०५०, ०.०५८ किंवा ०.०६३ इंच, म्हणजे सुमारे १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर.

यांतील दुसऱ्या मापाच्या बाबतीत मराठी कारागिराची परिभाषा अंशतः उपयोगी पडते व अंशतः फसविते. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. म्हणून ३/८ इंच म्हणजे बरोबर तीन सूत. परंतु ०.३२५ इंच म्हणजे सुमारे २.६ सूत. डोळ्यांच्या अंदाजाने ते अडीच किंवा तीन सूत ठरते, आणि भलतीच साखळी विकत घेतली जाते. शिवाय ‘तीन सूत’ या एकाच नावाखाली दोन साखळ्या येतात : लहान करवतींची कमी उंचीची, आणि मोठ्या करवतींची पूर्ण उंचीची. नाव एक असले तरी त्यांची दातेरी चाके परस्परांस चालत नाहीत. तिसऱ्या मापातील फरक तर बोटास जाणवण्याइतकाही नसतो. पण जाड कडी अरुंद खाचेत शिरत नाही. आणि पातळ कडी रुंद खाचेत डुलते व काप वाकडा जातो.

आता इंजिनाचा प्रश्न. पूर्ण उंचीच्या ३/८ इंची नेहमीच्या साखळीत दर दीड इंचास एक कापणारा दात येतो. बारा इंच जाडीच्या खोडात एका वेळी आठ दात लाकूड कापीत असतात. चोवीस इंची खोडात सोळा. इंजिनाची शक्ती या सर्व दातांत वाटली जाते. सात दातांचे चाक मिनिटास ९,००० फेरे घेत असेल, तर ही साखळी सेकंदास सुमारे २० मीटर धावते. लांब पट्टी टणक बाभळीत पूर्ण रुतली आणि इंजिन लहान असले, की हा वेग कोसळतो. दात कापण्याऐवजी घासू लागतात, क्लच घसरून तापतो, आणि लांब पट्टीच्या टोकापर्यंत वंगण पुरेसे पोचत नाही. हलक्या यंत्रावर लांब पट्टी बसविल्याने तोल पुढे जातो, तो धोका वेगळाच. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागताच करवत माणसाच्या दिशेने उसळते. अशा क्षणी तोल हाताशी असणे, हाच जीव वाचविण्याचा प्रश्न ठरतो.

म्हणून सर्वसाधारण मेळ असा सांगता येईल. ३० ते ४० सीसीच्या इंजिनास १२ ते १६ इंचांची पट्टी व कमी उंचीची ३/८ साखळी. ४५ ते ५५ सीसीस १५ ते १८ इंच व बहुधा ०.३२५ ची साखळी. ६० ते ७५ सीसीस १८ ते २४ इंच व पूर्ण उंचीची ३/८ साखळी. त्याहून लांब पट्टी व ०.४०४ ची साखळी ही ९० सीसीच्या आसपासच्या वा त्याहून मोठ्या यंत्रांची कामे होत. अखेरचा निर्णय यंत्रासोबतच्या पुस्तिकेचा. खोड पट्टीहून जाड असल्यास दोन्ही बाजूंनी काप घेता येतो. त्यासाठी लहान इंजिनास मोठी पट्टी लावण्याचे कारण नाही.

यावरून दिसून येईल की ‘अठरा इंची साखळी द्या’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अर्थदृष्ट्या अपुरे आहे. अठरा इंचांच्या पट्टीस एका यंत्रावर ६८ कड्या लागतात, दुसऱ्यावर ७२, तिसऱ्यावर ७४. पूर्ण मागणीत चार गोष्टी याव्यात : लांबी, टप्पा, जाडी आणि कड्यांची संख्या. यांतील आकडे बहुधा पट्टीच्या बुडाशी कोरलेले असतात. ते उतरवून घेणे हाच सुरक्षित मार्ग. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली, तरी लाकडाच्या व्यवहारात इंच आणि सूत टिकून राहिले. ते टिकण्यास हरकत नाही. मात्र कोणता इंच, हे सांगण्याची सवय त्यांच्यासोबत लागावयास हवी. किती बैलांचा नांगर, हे विचारल्यावाचून ज्या भाषेत नांगराची गोष्ट पुरी होत नसे, त्या भाषेस ही सवय परकी नाही.