कान्हेरी: लेणं कशासाठी खोदलं?

आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. डोंगर पोखरून माणसं राहायला जागा करतात, ती कशासाठी? उदाहरण मुंबईतलंच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील.

आधी कथा ऐकू. सोळाव्या शतकात साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेलं. त्यांचा इतिहासकार दिओगो दु कोउतो याने या लेण्यांविषयीची एक दंतकथा नोंदवून ठेवली. एका राजाने आपल्या मुलाला जगापासून दूर, एकांतात वाढवता यावं म्हणून हे सगळं खोदून घेतलं, अशी ती कथा. कोउतोला त्यांच्या धर्मातल्या संत जोसाफातची गोष्ट आठवली आणि हाच इथल्या लोकांचा ‘बुद्ध’ असेल का, अशी शंकाही त्याने मांडली. गंमत बघा, ‘जोसाफात’ हे नाव ‘बोधिसत्त्व’ या शब्दापासूनच आलेलं आहे. सिद्धार्थाचीच गोष्ट भाषा बदलत बदलत युरोपात पोचली आणि संतचरित्र होऊन बसली. म्हणजे दंतकथेने माणूस बरोबर ओळखला. लेणं खोदण्याचं कारण मात्र चुकलं.

खरं कारण जागेच्या रचनेतच दिसतं. जुन्या लेखांत या डोंगराचं नाव ‘कण्हगिरी’, म्हणजे कृष्णगिरी, असं येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून जवळजवळ हजार वर्षं इथे वस्ती होती. लेणी शंभराहून अधिक आहेत. क्रमांक ३ चं चैत्यगृह सर्वात भव्य. आत स्तूप, ३४ खांब, आणि ओवरीत दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती. क्रमांक ११ मध्ये लांबच लांब दोन ठेंगणे दगडी ओटे आहेत. बाकीची बहुतेक लेणी मात्र अगदी साधी आहेत: पुढे ओसरी, आत खोली, निजायला दगडी बाक आणि शेजारी पाण्याचं टाकं. दानलेखांत या टाक्याला ‘पानीयपोढी’ म्हणतात. उतारावर पन्हाळी कोरून पावसाचं पाणी या टाक्यांत आणलेलं आहे. मुलाला कोंडून ठेवायची जागा अशी नसते. ही पावसाळा काढायची जागा आहे.

आता पावसाळाच का? बौद्ध भिक्षूंचा मूळ नियम सतत फिरण्याचा. विनयग्रंथांत सांगितलं आहे की, हे भिक्षू पावसातही फिरतात, कोवळं गवत आणि बारीकसारीक जीव पायाखाली तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावर बुद्धांनी वर्षावासाचा नियम केला: पावसाचे तीन महिने एका जागी राहायचं. विहारांचं मूळ इथे आहे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून थांबलेल्या माणसांसाठी पुढे डोंगर कोरले गेले, असं म्हटलं तर ते फारसं चूक होणार नाही.

भिक्षू गेले, जीव राहिले. आसपासच्या शंभर-एक चौरस किलोमीटर जंगलात बिबट्या आहे, चितळ आहे, वानरं आहेत. अंधाऱ्या खोल्यांच्या छताला वटवाघळं लटकतात. आपण नाक मुरडतो, पण किडे खाणारी वटवाघळं रात्रभर उडून जंगलातले असंख्य कीटक टिपतात. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे थवा एकदा उद्ध्वस्त झाला की लवकर सावरत नाही. तोंडावर बॅटरी मारली, आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकत बसलं की ती जागा सोडतात. माकडांना वेफर्स खायला घातले की ती माणसाच्या हातातलं हिसकावायला शिकतात. मग आपणच त्यांना खोडकर ठरवतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अहिंसेची व्याख्या करत असू. इथे ती जमिनीचा नकाशा होऊन समोर उभी आहे. कान्हेरीला जाल तेव्हा जरूर जा, मूर्ती बघा, टाकी बघा, पन्हाळी कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवून मुलांना सांगा. अंधारी खोली आली की मात्र दारातच थांबा आणि आवाज खाली आणा. आत कुणीतरी झोपलेलं आहे. ज्या नियमामुळे ती खोली झाली, तो आपल्यालाही लागू आहे.